पंगतीत न मोजलेले मूल
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



आपल्या कार्यकारिणीने यंदाच्या मेळाव्यात आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे आपल्या वयाच्या मंडळींचे जिव्हाळ्याचे विषय. त्यांपैकी एखादा मी घेईन अशी बहुतेकांची अपेक्षा असावी. मी मात्र आज अशा मुलांविषयी बोलणार आहे, जी या सभागृहात आलेली नाहीत.

गेली पंचवीस वर्षे मी आपल्या कार्यक्रमांना येत आहे. भीमजयंतीला आपली मुले व्यासपीठावर भाषणे करतात, गाणी म्हणतात. जीसीएसई आणि ए-लेव्हलला उत्तम श्रेणी मिळविणाऱ्यांचा आपण पुष्पगुच्छ देऊन गौरव करतो. हा आनंद रास्तच आहे. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला मुलाच्या प्रमाणपत्राचे मोल इतरांपेक्षा अधिक कळते. परंतु मी बालरोगतज्ज्ञ आहे. ब्रिटनमध्ये दर शंभर माणसांमागे सुमारे दोघांना बौद्धिक अक्षमता असते, हे मला ठाऊक आहे. आपल्या समाजात हे प्रमाण शून्य असण्याचे काहीही कारण नाही. मग आपली ही मुले कोठे आहेत? ती घरी आहेत. एका वर्षी वडील कार्यक्रमाला येतात आणि आई मुलाजवळ थांबते. पुढच्या वर्षी पाळी बदलते. आणि काही वर्षांनी दोघेही येईनासे होतात. आपण समजतो, त्यांचे कामाचे तास बदलले असतील.

या विषयावर बोलण्याचा अधिकार सांगण्यापूर्वी माझी एक चूक मला आपणांसमोर मांडली पाहिजे. ज्या कुटुंबाची ही हकीगत आहे, त्यांच्या संमतीने आणि नाव न घेता ती सांगतो.

२००३ सालची गोष्ट. मला या देशात येऊन सहाएक वर्षे झाली होती. जयंतीच्या कार्यक्रमानंतर एका स्नेह्यांच्या घरी आम्ही पाच-सहा कुटुंबे जमलो होतो. त्यांचा मुलगा तीन वर्षांचा होता. तो बोलत नव्हता, हाक मारली तर वळत होता, पण सांगितलेले त्याला कळत नव्हते. वहिनींनी चहा देता देता मला विचारले, "भाऊजी, ह्याला शब्दच येत नाहीत. काय करू?" मी त्यांना म्हणालो, "घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, त्याने मुलाचा गोंधळ होतो. तुम्ही त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलत जा. मुलगे उशिराच बोलतात. होईल सगळे ठीक."

हा सल्ला त्या काळी अनेक जाणकार मंडळी देत असत. पण म्हणून माझे उत्तरदायित्व कमी होत नाही. वहिनींना इंग्रजी जेमतेम दुकानापुरते येत होते. डॉक्टरांनी सांगितले म्हणून त्यांनी मुलाशी मराठीत बोलणे थांबविले. अंगाई थांबली, भीमगीते थांबली, न्हाऊ घालतानाची बडबड थांबली. इंग्रजीतून बोलायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते. त्या मुलाला दोन भाषांचा गोंधळ तर झाला नाहीच. त्याच्या वाट्याला आईचे मौन आले.

पुढे सहा वर्षांनी, तो विशेष शाळेत असताना, तेथील वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी वहिनींना विचारले, "तुम्ही त्याला झोपविताना कोणत्या भाषेत गाता?" वहिनी म्हणाल्या, "आता गात नाही." त्या बाईंनी त्यांना सांगितले की ज्या भाषेत तुमचे मन मोकळे होते, त्याच भाषेत त्याच्याशी बोला. आजचे शास्त्रीय ज्ञानही हेच सांगते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवरील संशोधनात, दोन भाषांत वाढल्यामुळे त्यांच्या भाषेची हानी होते असे आढळलेले नाही. मराठी पुन्हा सुरू झाली म्हणून काही चमत्कार घडला नाही. पण मुलगा आईकडे पाहून हसू लागला, हावभावांबरोबर शब्द आले, आणि 'आई, पाणी' हे त्याचे दोन शब्दांचे पहिले वाक्य झाले.

मला हे कळले तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चुकलात ते जाऊ द्या. माणूस चुकतो. पण त्यानंतर सहा वर्षांत तुम्ही, किंवा आपल्यातल्या कोणीही, तो कसा आहे म्हणून विचारले नाही." बंधूंनो, आजचे माझे हे सर्व भाषण म्हणजे त्या एका वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

आता शब्दांचा एक घोळ दूर करतो. भारतात असताना आपण 'मतिमंद' हा शब्द वापरीत होतो. तो आता मागे पडला असून 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द रूढ होत आहे. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवा याच स्थितीला 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणते. आपल्याकडे, म्हणजे भारतात, त्याच शब्दांनी डिस्लेक्सियासारखी अडचण ओळखली जाते. तेथे बुद्धी सर्वसाधारण असून केवळ वाचन, लेखन वा गणित जड जाते. त्याला येथील शाळा 'स्पेसिफिक लर्निंग डिफिकल्टी' म्हणतात. शाळेच्या कागदावर 'मॉडरेट' किंवा 'सिव्हिअर लर्निंग डिफिकल्टी' असे लिहिलेले असेल, तर अर्थ वेगळा आहे. हा फरक न कळल्याने शिकवण्या लावल्या की मूल बरोबरीला येईल, अशा आशेवर मोलाची वर्षे घालविलेले पालक मी पाहिले आहेत. म्हणून पत्र हाती आले की लाजू नका. या शब्दाचा माझ्या मुलाच्या बाबतीत नेमका अर्थ काय, हे विचारा.

बौद्धिक अक्षमता म्हणजे नवे समजून घेणे, नवी कौशल्ये शिकणे आणि दैनंदिन जीवन स्वतःचे स्वतः चालविणे यांत लहानपणापासून असलेली आणि जन्मभर राहणारी अडचण. हा वेडेपणा नव्हे. तो औषधाने बरा होणारा रोगही नव्हे. डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतील फरक, जन्मसमयी मेंदूला प्राणवायू न मिळणे, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, मेंदूचा जंतुसंसर्ग अशी त्याची अनेक कारणे आहेत, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. काही कारणे टाळताही येतात. या देशात बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेतात, ते पाहून नव्या आजीबाईंचा जीव कळवळतो. पण त्याच थेंबांतून फिनाइलकीटोन्यूरिया हा दोष १९६९ पासून आणि जन्मजात थायरॉईडची उणीव १९८१ पासून शोधली जात आहे. वेळेवर उपचार मिळाल्याने कितीतरी मुलांची बुद्धी वाचली आहे.

आता या देशातील सेवांचा इतिहास थोडक्यात पाहू. कारण या सेवा कोणी दान म्हणून दिल्या, असा आपला समज होऊ नये. ज्या डाऊन सिंड्रोमचा मी उल्लेख केला, त्याचे वर्णन डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली केले. आणि त्यांनी त्या मुलांचे वर्गीकरण मानववंशांच्या नावाने केले. चेहरा अमुक वंशासारखा, म्हणून बुद्धी तमुक दर्जाची, असा तो विचार होता. त्या मुलांना 'मंगोल' हे नाव चिकटले ते सुमारे शंभर वर्षे टिकले. १९५९ साली जेरोम लेझून व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असल्याचे दाखविले, आणि मंगोलियाने आक्षेप घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली ते नाव टाकून दिले. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

ही मुले एकेकाळी गावाबाहेरच्या मोठमोठ्या इस्पितळांत पाठविली जात. आईला सांगितले जाई, ह्याला विसरा, दुसरे मूल होऊ द्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशा इस्पितळांत पन्नास हजारांहून अधिक माणसे राहत होती. कार्डिफच्या ईली इस्पितळातील छळाच्या चौकशीचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा देश हादरला. १९७१ च्या श्वेतपत्रिकेने इस्पितळांऐवजी स्थानिक सेवा हे धोरण मांडले. 'शिकविण्यास अयोग्य' असा शिक्का मारून मुलाला शाळेबाहेर ठेवण्याची प्रथा १९७० च्या कायद्याने संपविली, आणि एप्रिल १९७१ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला. सर्वांत दुबळ्या मुलांना वर्गात पाऊल टाकण्याचा हक्क या प्रगत देशातही इतक्या उशिरा मिळाला, हे ध्यानात घ्या.

या बदलामागे दोन गोष्टी होत्या. एक, पालकांची चळवळ. १९४६ साली ज्यूडी फ्रिड या मातेने एका मासिकात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना साद घातली. तिच्या मुलीला शाळेत जागा मिळत नव्हती. त्या पत्रातून जी संघटना उभी राहिली, तिला आज आपण मेनकॅप म्हणून ओळखतो. दुसरी गोष्ट एका प्रयोगाची. मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांनी १९५८ साली लंडनच्या फाउंटन इस्पितळातील सोळा मुले सरे परगण्यातील ब्रुकलँड्स नावाच्या एका मोठ्या घरात नेली. तेथे त्यांना लहान गटांत, कौटुंबिक वातावरणात, खेळत बोलत वाढविले. तशीच सोळा मुले तुलनेसाठी इस्पितळातच राहिली. दोन वर्षांनी मोजणी केली, तेव्हा इस्पितळातील मुलांचे भाषिक वय सरासरी सहा महिन्यांनी वाढले होते. ब्रुकलँड्सच्या मुलांचे चौदा महिन्यांनी. औषध कोणतेच नव्हते. जवळची माणसे, बोलणे, खेळणे, आणि आपल्या नावाने हाक मारणारे कोणीतरी, एवढाच फरक होता.

हे वाचताना मला विदर्भातील आमची वस्ती आठवली. आमच्या शेजारी एक मुलगी होती. सारे तिला 'भोळी' म्हणत. ती कोणाच्याही घरी जेवे, कोणाच्याही ओट्यावर निजे. तिला कोणी उपाशी ठेवले नाही, कोणी हाकलले नाही. मी अनेकदा अभिमानाने म्हणत असे की स्थानिक सेवा या आमच्या वस्तीत कागदाशिवाय चालत होत्या. ते अर्धेच खरे आहे. भोळीला कोणी केस विंचरायला शिकविले नाही, पैसे मोजायला शिकविले नाही. तिच्या आईच्या पश्चात तिचे काय होईल, याचा विचार कोणी केला नाही. तिच्या वाट्याला माया आली, शिक्षण आले नाही. येथील जुन्या इस्पितळांत छप्पर आणि डॉक्टर होते, माया नव्हती. चांगल्या स्थानिक सेवेत मायेबरोबर ज्ञान लागते, आणि दोन्हींच्या पाठीशी हक्क असावा लागतो. परदेशी आलेल्या आपल्या कुटुंबांची वस्ती मागे राहिली आणि येथील हक्काची त्यांना माहिती नाही. अशा रीतीने ती दोन्हीकडून उघडी पडली आहेत.

म्हणून आता हक्कांविषयी. मी इंग्लंडपुरते बोलतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील नियम काही ठिकाणी भिन्न आहेत. या व्यवस्थेत बदल होत असतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी ताजी माहिती घ्यावी.

मूल वयाच्या मानाने बोलत नाही, चालत नाही, खेळत नाही अशी शंका आली, तर हेल्थ व्हिजिटर किंवा जीपी यांना त्याच आठवड्यात सांगा. दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यानची तपासणी चुकवू नका. 'सगळे ठीक आहे' असे सांगून ती बाई परत पाठविणे म्हणजे मुलाचे नुकसान करणे होय. कान तपासून घ्या. ऐकू न येणारे मूल मंद वाटू शकते. पुढे बालविकास केंद्रात बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारक, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असे जाणकार मुलाला पाहतात. दुभाष्या हवा असेल तर मागा. आरोग्यसेवेत तो विनामूल्य मिळतो. थोरल्या बहिणीला शाळा बुडवून दुभाष्याचे काम करायला लावू नका. आपल्याच भावाचे वाईट निदान आईला भाषांतर करून सांगण्याचे ओझे दहा वर्षांच्या मुलीवर टाकू नये.

शाळेपूर्वीच्या वयासाठी पोर्टेज नावाची एक गृहभेट-सेवा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज या गावी ती जन्मली आणि १९७६ साली इंग्लंडमध्ये आली. शिकविणारी व्यक्ती घरी येते, आईवडिलांबरोबर बसते आणि मोठे काम लहान लहान पायऱ्यांत विभागते. चमच्याने खाणे हे आपल्याला एक काम वाटते; त्यात चमचा धरणे, भरणे, उचलणे, तोंडाशी नेणे अशा पायऱ्या असतात. एका वेळी एक पायरी, आणि ती साधली की कौतुक. ही सेवा सर्वच भागांत मिळत नाही. आपल्या भागात आहे का, ते विचारावे.

शिक्षणासाठी २०१४ च्या चिल्ड्रेन अँड फॅमिलीज कायद्याने शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांची एकत्रित योजना आणली. तिला ईएचसी प्लॅन म्हणतात आणि गरजेनुसार ती पंचवीस वर्षांच्या वयापर्यंत चालू शकते. तिच्यासाठी मूल्यमापनाची मागणी पालक स्वतः स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करू शकतात. शाळेने आधी हो म्हटलेच पाहिजे, असे नाही. मूल्यमापन करायचे की नाही, हे सहा आठवड्यांत कळविणे आणि सारी प्रक्रिया वीस आठवड्यांत पुरी करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात विलंब होतो, नकारही येतात. नकारावर न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. प्रत्येक प्राधिकरणाच्या क्षेत्रात पालकांना विनामूल्य, निःपक्ष सल्ला देणारी सेवा असते. तिचे नाव सेंडियास. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव आज प्रथमच ऐकले, ते मी विचारीत नाही.

१९८९ च्या चिल्ड्रेन कायद्याच्या सतराव्या कलमानुसार अक्षमता असलेले मूल हे 'गरज असलेले मूल' ठरते, आणि कुटुंबाला समाजसेवा विभागाकडून गरजांचे मूल्यमापन मागता येते. सोशल सर्व्हिसेस हा शब्द ऐकताच 'मूल काढून नेतील' अशी भीती आपल्याकडे बसली आहे. अक्षम मुलांसाठी मदत मागणे हा वेगळा दरवाजा आहे. त्याच दरवाज्यातून पालकांना विसावा देणारी 'शॉर्ट ब्रेक' सेवा मिळते. ती उपलब्ध ठेवण्याचे कर्तव्य २०११ च्या नियमांनी स्थानिक प्राधिकरणांवर टाकले आहे. शनिवारी तीन तास मुलाला कोणी खेळायला नेले, तर त्या तीन तासांत आई झोपते, आणि बहिणीचा अभ्यास होतो.

सोळा वर्षांखालील मुलासाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स मिळू शकतो; तो पालकांच्या उत्पन्नावर अवलंबून नाही. त्याचा अर्ज भरताना आपल्या माउल्या लाजेने मुलाचे चांगले तेवढे लिहितात आणि अर्ज नामंजूर होतो. त्याच वयाच्या इतर मुलापेक्षा याला जास्तीचे काय करावे लागते, रात्री किती वेळा उठावे लागते, हे खरे खरे लिहावे. येथे एक इशारा देतो. ज्यांच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' अशी अट आहे, त्यांनी या भत्त्यासाठी अर्ज करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला अवश्य घ्यावा. शाळेचे शिक्षण आणि आरोग्यसेवा मात्र त्या अटीत येत नाहीत. भीतीपोटी मुलाला घरी ठेवू नये.

आणि मूल मोठे होते, हे आपण विसरतो. चौदाव्या वर्षापासून जीपीकडे वार्षिक आरोग्य तपासणीचा लाभ मिळतो. त्यासाठी जीपीच्या लर्निंग डिसॅबिलिटी नोंदवहीत नाव असावे लागते. इंग्लंडमध्ये अशी माणसे इतरांपेक्षा सरासरी सुमारे वीस वर्षे अगोदर दगावतात, आणि त्यांतील कितीतरी मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. बद्धकोष्ठ, अपस्मार, न्यूमोनिया यांसारखे विकार वेळेवर ओळखले जात नाहीत, कारण माणूस आपले दुखणे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने बोलणारे कोणी हवे. अठराव्या वर्षी बालसेवा संपून प्रौढांच्या सेवा सुरू होतात. त्या उंबरठ्यावर अनेक कुटुंबे अडखळतात. तयारी चौदाव्या वर्षीच सुरू करावी. आपल्या मागे कोण, याचा लेखी विचार करावा आणि मृत्युपत्र करताना वकिलाला मुलाची स्थिती सांगावी.

इतके हक्क असूनही आपण ते का घेत नाही? एक कारण भाषा, दुसरे प्रतीक्षायादी, तिसरे कामाचे तास. पण सर्वांत मोठे कारण मी गेली अनेक वर्षे बंद खोलीत, हलक्या आवाजात ऐकत आलो आहे. "डॉक्टर, आमच्या कोणत्या जन्मीचे हे भोगणे?" धम्म स्वीकारलेल्या घरांत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून हा प्रश्न मला विचारला गेला आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची सविस्तर चिकित्सा केली आहे. मुलाचे गुणधर्म आईवडिलांकडून येतात हे विज्ञानाचे म्हणणे त्यांनी तेथे मांडले. आणि गतजन्मीच्या कर्माकडे बोट दाखविले की राज्यसंस्था व समाज दीनदुबळ्यांच्या स्थितीच्या जबाबदारीतून मोकळे होतात, हे दाखवून दिले. त्यांनी हे गरिबांविषयी लिहिले, पण ते या मुलांनाही तंतोतंत लागू पडते. "त्यांचे नशीब" असे म्हणून आपण ज्या क्षणी उठतो, त्या क्षणी आपण आपली सुटका करून घेतलेली असते. वैद्यक म्हणून मी स्वच्छ सांगतो, गुणसूत्राला पापपुण्य कळत नाही. आईच्या हातून ग्रहणात काही कापले गेले नाही, वडिलांना कोणाचा शाप लागला नाही. ज्या सूनबाईला यावरून बोल लावले जात असतील, तिच्या घरच्यांनी माझ्याकडे यावे. मी समजावून सांगेन.

आता आपल्या संस्थेकडे वळतो. मी मोठा निधी मागत नाही, इमारतही मागत नाही. चार लहान गोष्टी सुचवितो. प्रत्येक शहरातून दोन कार्यकर्ते असे पुढे यावेत की जे अर्ज भरताना आणि शाळेच्या बैठकीला पालकांसोबत जातील. बैठकीत सहा अधिकाऱ्यांसमोर एकट्या बसलेल्या आईच्या शेजारी एक ओळखीचे माणूस असले, तरी तिचा आवाज बदलतो. दुसरे, आपल्या प्रत्येक कार्यक्रमात एक शांत खोली असावी; ध्वनिक्षेपकाचा गोंगाट या मुलांपैकी अनेकांना सोसत नाही. तिसरे, ज्या कुटुंबाला जमत असेल त्याने महिन्यातून एकदा अशा एका घरी जाऊन दोन तास बसावे. प्रथम ओळख व्हावी, मग विश्वास बसेल. चौथे, गुणवंतांच्या सत्काराच्या यादीत त्या मुलाचेही नाव असावे, ज्याने या वर्षी स्वतःच्या हाताने बटण लावायला शिकले. त्यासाठी त्याने केलेले श्रम मी पाहिले आहेत. ते ए-लेव्हलपेक्षा कमी नव्हते.

शेवटी चुल्लपंथकाची कथा सांगून थांबतो. हा तरुण भिक्खू चार महिने धडपडूनही एक गाथा पाठ करू शकला नाही. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान होता. त्याने धाकट्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. पुढे राजवैद्य जीवकाकडे संघाचे भोजन ठरले, तेव्हा निमंत्रितांची मोजणी महापंथकाकडे होती. त्याने धाकट्या भावाला वगळूनच आकडा कळविला. चुल्लपंथक रडत दाराशी उभा असताना बुद्धांनी त्याला पाहिले. त्यांनी त्याला गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते हाताने चोळीत बसायला सांगितले. हळूहळू वस्त्र मळले, आणि जे शब्दांतून उमगत नव्हते ते अनित्यत्व त्याला हाताच्या स्पर्शातून उमगले. शिष्याला शिकता येत नाही असे बुद्धांनी म्हटले नाही. शिकविण्याची रीत बदलली. आजचे विशेष शिक्षक याहून निराळे काय करतात?

कथेतील अद्भुत भाग मी बाजूला ठेवतो. पण पुढचा प्रसंग एका वैद्याच्या घरचा आहे, म्हणून मला तो विशेष लागतो. जीवकाच्या घरी पंगत बसली. वाढायला सुरुवात होणार, तोच बुद्धांनी आपल्या पात्रावर हात ठेवला. विहारात अजून कोणी भिक्खू आहेत काय, असे त्यांनी विचारले. आणि चुल्लपंथकाला आणीपर्यंत भोजन सुरू झाले नाही.

आज आपल्याही भोजनाची व्यवस्था मागच्या दालनात झाली आहे, आणि किती पाने मांडायची त्याची मोजणी कार्यकर्त्यांनी काल केली आहे. माझी विनंती एवढीच की पुढच्या वर्षी ती मोजणी करताना, दूरध्वनीवर "तुमच्याकडून किती जण?" असे विचारल्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा : "आणि घरी कोण राहणार आहे?" उत्तरादाखल पलीकडे थोडा वेळ शांतता पसरेल. तेव्हा फोन ठेवू नये.

त्या वहिनी आज येथे बसल्या आहेत. त्यांचा मुलगा आता पंचविशीत आहे. बावीस वर्षांत प्रथमच तो आपल्या कार्यक्रमाला आला आहे आणि मागच्या शांत खोलीत आपल्या वडिलांबरोबर बसला आहे. त्याला भेटायला जाल तेव्हा मराठीत बोला. त्याला समजते.

जय भीम. नमो बुद्धाय.